काही आलं नाही, म्हणजे काय?

दोन व्हॉल्व्ह बंद केलेले आहेत. त्यांच्यामधल्या पाइपच्या तुकड्याला खालच्या बाजूने अर्ध्या इंचाचा ब्लीड, म्हणजे आतलं बाहेर काढायची छोटी तोटी, आहे. फिटर खाली बादली ठेवतो, ब्लीड हळूच उघडतो आणि वाट बघतो. एक थेंब पडत नाही. आता शिकायला आलेल्या मंडळींना विचारा, यावरून काय समजलं? बहुतेकांचं उत्तर तयार असतं: लाइन रिकामी आहे.

समजलं आहे ते इतकंच, की ब्लीडमधून काही आलं नाही. लाइन खरंच रिकामी असेल. किंवा ब्लीडच्या तोंडाशी गंज, गाळ, पॉलिमर नाहीतर गोठलेलं रसायन बसलं असेल आणि त्याच्या पाठीमागे ६ बार दाब जसाच्या तसा उभा असेल. फिनॉल साधारण ४१ अंश सेल्सिअसच्या खाली घट्ट होतं. कॉस्टिकचं (सोडियम हायड्रॉक्साइडचं) ५० टक्क्यांचं द्रावण १२ ते १५ अंशांतच गोठायला लागतं. थंडीच्या पहाटे अशा लाइनचा ब्लीड कोरडा मिळाला तर त्यात नवल काही नाही. उन्हं वर येतात, किंवा शेजारची स्टीम ट्रेसिंग, म्हणजे लाइन गरम ठेवणारी वाफेची नळी, कुणीतरी चालू करतं, आणि तो बूच सुटतो. तोवर फ्लँजचे, म्हणजे दोन पाइप जोडणाऱ्या कड्यांचे, बोल्ट सैल झालेले असतात आणि माणूस समोरच बसलेला असतो.

प्रक्रिया सुरक्षेच्या, म्हणजे रसायन जिथे असायला हवं तिथेच ठेवण्याच्या, प्रशिक्षणात जे शिकवायचं, त्याचा गाभा या कोरड्या ब्लीडपाशी आहे असं आम्हाला वाटतं. गळती, आवाज, अलार्म याला घाबरायला कुणाला शिकवावं लागत नाही. शिकवावं लागतं ते सगळं ठीक दिसत असताना थांबायला आणि ‘हे कशावरून?’ असं विचारायला. आणि हे वर्गात बसून येत नाही.

त्यासाठी एक साधा सरावाचा सांगाडा बनवून घ्यावा. तीन-चार मीटर पाइप, दोन आयसोलेशन व्हॉल्व्ह, एक नॉन-रिटर्न (उलटा प्रवाह अडवणारा) व्हॉल्व्ह, तीन ब्लीड, एक प्रेशर गेज आणि आठ बोल्टांचा एक फ्लँज. आत पाणी भरायचं आणि हायड्रोटेस्टच्या हातपंपाने २ बार दाब द्यायचा. हवेने दाब देऊ नये. दाबलेली हवा त्याच दाबाच्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त ऊर्जा साठवते, आणि सराव म्हणजे सरावच राहिला पाहिजे. एका ब्लीडमध्ये मेणाचा बूच बसवून ठेवायचा. गेजचा रूट व्हॉल्व्ह, म्हणजे गेजच्या वाटेवरचा व्हॉल्व्ह, मुद्दाम बंद ठेवायचा, म्हणजे गेज शून्य दाखवेल. कोणता ब्लीड चोंदलेला आहे ते सांगायचं नाही.

पहिल्याच फेरीत कुणीतरी गेजवर शून्य बघतं, कोरडा ब्लीड बघतं आणि पाना उचलतं. पाणी तोंडावर उडतं. त्या क्षणाला जे शिकलं जातं, ते शंभर स्लाइडींनी होत नाही.

मग पद्धत शिकवायची. गेज शून्य दाखवतो, तर रूट व्हॉल्व्ह उघडा आहे का ते हाताने बघा. ब्लीड कोरडा आहे, तर तो मोकळा असल्याचं सिद्ध करा: चेहऱ्यावर पूर्ण शील्ड, हातात त्या रसायनाला टिकणारे मोजे, बाजूला उभं राहून पूर्ण उघडलेल्या बॉल व्हॉल्व्हमधून सळई घाला. सळई बाहेर काढली की व्हॉल्व्ह लगेच बंद करता आला पाहिजे. नाहीतर दुसऱ्या टोकाकडून कमी दाबाचा नायट्रोजन सोडा आणि तो या ब्लीडमधून येतो का ते बघा. वायू आला, तर वाट मोकळी आहे. एवढं झाल्यावरच त्या कोरडेपणाला काही अर्थ आहे. शिवाय बंद बॉल व्हॉल्व्हच्या पोटात, गोळा आणि बॉडी यांच्यामध्ये, द्रव अडकून राहतो आणि तो कुठल्याच ब्लीडने निघत नाही. क्लोरीन किंवा अमोनिया हाताळणाऱ्याला हे माहीत नसेल, तर व्हॉल्व्ह खोलताना कळतं.

फ्लँज उघडण्याची रीतही हातानेच शिकायची. सर्वांत लांबचा, म्हणजे आपल्या विरुद्ध बाजूचा बोल्ट आधी सैल करायचा. काढायचा मात्र नाही. आत काही असलं तर ते पलीकडे उडतं. आपल्या बाजूचे बोल्ट घट्ट ठेवून फटीत पाचर घालायची, फट हलकेच उघडायची, थांबायचं, बघायचं. दाब निघून गेला, ठिबकणं थांबलं, की मगच पुढचे. वाऱ्याला पाठ देऊन उभं राहायचं. आणि फ्लँज कोणता, हे तोंडी सांगून चालत नाही. ‘पंपाच्या पलीकडचा दुसरा’ म्हणजे ऑपरेटरच्या मनातला एक आणि फिटरच्या मनातला भलताच. दोघांनी मिळून जागेवर जायचं आणि ऑपरेटरने स्वतःच्या हाताने त्या फ्लँजला टॅग बांधायचा. यात वेळ जातो अशी कुरकुर होते. जाऊ द्यावा.

प्रक्रिया सुरक्षा आणि रोजची कामगार सुरक्षा यांत गल्लत होते, ती इथेच दूर करून घेतलेली बरी. हेल्मेट, बूट, शिडी, निसरडी फरशी यांची काळजी घेणं गरजेचंच आहे. पण किती दिवस कुणाला जखम झाली नाही, या फलकावरून रिअ‍ॅक्टरच्या तब्येतीबद्दल काहीच कळत नाही. रसायन ज्या भांड्यात, ज्या नळीत, ज्या तापमानात आणि दाबात असायला हवं तिथेच ठेवणं हा वेगळा विषय आहे. अमेरिकेत १९९२ मध्ये यासाठी जो नियम झाला, त्यात १४ घटक आहेत: प्रक्रियेची माहिती, धोक्यांचं विश्लेषण, कार्यपद्धती, बदलांचं व्यवस्थापन, यंत्रांची सुस्थिती, अपघाताचा तपास वगैरे. प्रशिक्षण हा त्यांतला एक. ते किमान दर तीन वर्षांनी पुन्हा द्यायचं आणि माणसाला ते समजलं की नाही याची नोंद ठेवायची, असं तो नियम सांगतो. नोंद सगळीकडे असते. समजलं की नाही, याचं उत्तर तिच्यात क्वचितच सापडतं.

ऑस्ट्रेलियातल्या लाँगफोर्डच्या वायू प्रकल्पाची घटना या बाबतीत फार बोलकी आहे. २५ सप्टेंबर १९९८. गरम तेल फिरवणारे पंप बंद पडले आणि काही तास बंदच राहिले. त्यामुळे एक हीट एक्स्चेंजर उणे ४८ अंशांपर्यंत थंड झाला. जो भाग एरवी गरम असायचा, त्यावर बाहेरून बर्फ जमला. इतक्या थंडीत साधं कार्बन स्टील ठिसूळ होतं. मग पंप पुन्हा चालू करून त्यात गरम तेल सोडलं, आणि तो फुटला. दोन माणसं गेली, आठ जखमी झाली, व्हिक्टोरिया राज्याचा गॅसपुरवठा सुमारे दोन आठवडे ठप्प झाला. नंतरच्या चौकशी आयोगाने दोष कामगारांवर न ठेवता अपुऱ्या प्रशिक्षणावर ठेवला. तिथे प्रशिक्षण झालं नव्हतं असं नाही. एका प्रश्नाचं अपेक्षित उत्तर होतं, ‘थर्मल डॅमेज टाळण्यासाठी’. ते उत्तर बरोबर दिलेलं होतं. पण थर्मल डॅमेज म्हणजे धातूचं नेमकं काय होतं, हे उत्तर देणाऱ्याला ठाऊक नव्हतं.

म्हणून बरोबर उत्तरावर समाधान मानू नये. त्याच्या पुढचा प्रश्न विचारावा. ‘थर्मल डॅमेज झालं, तर तुम्हाला काय दिसेल?’ ‘नेहमी गरम असणाऱ्या नळीवर दव किंवा बर्फ दिसला, तर पहिल्या मिनिटात काय कराल, आणि काय करणार नाही?’ दुसऱ्या प्रश्नातला ‘काय करणार नाही’ हा भाग जास्त महत्त्वाचा आहे. अशा नळीत घाईने गरम द्रव सोडायचा नाही, हे एखाद्याला कारणासकट सांगता आलं, तर त्याला समजलं आहे.

लाइन चालणं हा प्रशिक्षणातला सर्वांत सोपा, सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त टाळला जाणारा भाग. हातात पाइपिंग आणि इन्स्ट्रुमेंटचं ड्रॉइंग, खिशात दोन मार्कर. टाकीच्या तळाच्या नोझलपासून सुरुवात करायची आणि नळीवर बोट ठेवून रिअ‍ॅक्टरपर्यंत जायचं. जे ड्रॉइंगप्रमाणे सापडलं त्यावर पिवळा, जे जुळत नाही त्यावर लाल. एका वेळी चारच जण, कारण पाचवा मागे उभा राहून मान डोलावतो. एका रिअ‍ॅक्टरच्या एका लाइनीला अर्धा दिवस द्यावा. वाटेत प्रत्येक व्हॉल्व्हपाशी तेच चार प्रश्न: प्रवाह कुठल्या दिशेने? हा आत्ता उघडा आहे की बंद, आणि कशावरून? चुकून उलटा झाला, तर काय कुठे जाईल? इथली सर्वांत खोल जागा कोणती, जिथे द्रव साचून राहील?

‘कशावरून’ याचं उत्तर शिकवण्यासारखं आहे. बॉल व्हॉल्व्हचा दांडा नळीच्या रेषेत असला तर तो उघडा, हे सगळ्यांना माहीत असतं. पण दांडा काढून पुन्हा बसवताना ९० अंशांनी चुकीचा बसलेला असू शकतो. स्पिंडलच्या टोकावर एक खाच असते, ती खरी स्थिती सांगते. दांड्यापेक्षा तिच्यावर विश्वास ठेवावा. सेफ्टी व्हॉल्व्हच्या खाली आयसोलेशन व्हॉल्व्ह असेल, तर तो उघड्या स्थितीत कुलूपबंद हवा, आणि तो गेट व्हॉल्व्ह असेल तर त्याचा स्पिंडल आडवा बसवलेला हवा. स्पिंडल उभा असला आणि आतलं गेट निखळलं, तर ते आपल्या वजनाने खाली पडून सेफ्टी व्हॉल्व्हची वाट बंद करतं. बाहेरून चाक उघडंच दिसतं.

अशा फेरीत ड्रॉइंगवर नसलेली एखादी होज हमखास सापडते. धुण्यासाठी कधीतरी पाण्याची जोडलेली, आणि मग तशीच राहिलेली. मध्ये फक्त एक बॉल व्हॉल्व्ह. पाण्याशी जोरात प्रतिक्रिया देणारं रसायन पलीकडे असेल, तर त्या होजपाशी गटाला दहा मिनिटं उभं करावं. पाणी टाकीत कसं जाईल, आणि टाकीचा दाब जास्त असेल तेव्हा टाकीतलं रसायन पाण्याच्या लाइनीत कसं येईल, हे दोन्ही त्यांच्याकडूनच काढून घ्यावं.

मोजमापं दाखवणारी यंत्रं खोटं बोलतात तेव्हा बहुधा ती शांतपणे बोलतात. २३ मार्च २००५ रोजी टेक्सास सिटीच्या रिफायनरीत १७० फूट उंच टॉवर सुरू करताना त्यात तीन तास द्रव भरत राहिला. खालून बाहेर जाण्याची वाट मात्र बंद होती. पातळी मोजणारं यंत्र फक्त तळातल्या ९ फुटांपर्यंतचंच बघू शकत होतं. पडद्यावर पातळी ९ फुटांच्या आत आणि हळूहळू उतरताना दिसत होती. प्रत्यक्षात द्रव दीडशे फुटांच्या वर गेला होता. यंत्र उतरती पातळी का दाखवत होतं, हे समजावून सांगावं: त्या प्रकारचं यंत्र बुडालेल्या दांड्यावरची उद्धरण शक्ती मोजतं. दांडा पूर्ण बुडाला, की वर कितीही भरलं तरी त्याला फरक कळत नाही; उलट द्रव तापून हलका झाला, की उद्धरण कमी होते आणि पातळी उतरल्यासारखी दिसते. उंच पातळीचा वेगळा अलार्मही वाजला नाही. टॉवर वरून ओसंडला, द्रव, जादा द्रव आणि वायू जिथे सोडतात त्या ब्लोडाउन ड्रमच्या उघड्या चिमणीतून कारंज्यासारखा बाहेर आला आणि पेटला. १५ माणसं गेली, १८० जखमी झाली.

यावरचा सराव अगदी साधा आहे. कागदावर तीन ओळी द्यायच्या: आत येणारा प्रवाह ताशी २० घनमीटर, बाहेर जाणारा शून्य, पातळी तासाभरात २ टक्क्यांनी कमी. विचारायचं, पुढे काय कराल? ज्याला हिशोब करायची सवय आहे, तो म्हणतो की हे होऊच शकत नाही, भरणं थांबवा. ज्याला पडदा बघायची सवय आहे, तो म्हणतो की पातळी कमी होतेय, थोडं आणखी भरू. दुसरं उत्तर आलं, म्हणून कुणाला रागावू नये. तो सराव दर महिन्याला नव्या आकड्यांनी करून घ्यावा. पाळी चालू असताना हा हिशोब मनात आपोआप व्हायला लागला पाहिजे.

गॅस मीटरचंही तेच. बंद टाकीत शिरण्याआधी तपासणी करताना आधी ऑक्सिजन, मग ज्वलनशील वायू, मग विषारी वायू, हा क्रम पाठ करून घेतला जातो. क्रमामागचं कारण फार थोड्यांना सांगता येतं. बऱ्याच मीटरांतला ज्वलनशील वायूचा सेन्सर आतल्या आत तो वायू जाळून मोजतो. जाळायला ऑक्सिजन लागतो. नायट्रोजनने भरलेल्या टाकीत बाष्प कितीही असलं, तरी तो शून्याच्या आसपास दाखवू शकतो. ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्क्यांच्या बाहेर असेल, तर पुढच्या आकड्याला किंमत नाही. तपासणी वर, मध्ये आणि तळाशी, तिन्ही ठिकाणी करायची. नळी लांब असेल तर पंपाला तितका वेळ द्यायचा. आणि नाकावर भिस्त ठेवायची नाही. हायड्रोजन सल्फाइड १०० पीपीएमच्या आसपास गेला, की वास घेण्याची शक्तीच मारतो. वास गेला म्हणजे वायू गेला, असं समजणारा माणूस तिथून परत येत नाही.

बॅच रिअ‍ॅक्टरवर काम करणाऱ्यांसाठी यापेक्षा फसवी गोष्ट एकच, ती म्हणजे शांत तापमान. समजा ६० अंशांवर एक रसायन हळूहळू सोडायचं आहे. पडेल तितकं लगेच खपतं आणि उष्णता भांड्याभोवतीचं थंड ठेवणारं जॅकेट काढून घेतं. आता कुणी सावधगिरी म्हणून बॅच ३५ अंशांवरच ठेवली. तापमान सरळ रेषेत चालतं, ऑपरेटर खूश असतो. खरं तर सोडलेलं रसायन न खपता आत साचत असतं. प्रतिक्रियेची गती दर १० अंशांना ढोबळमानाने दुप्पट होते, जॅकेटची थंड करायची ताकद मात्र तापमानातल्या फरकाच्या प्रमाणातच वाढते. साचलेल्या रसायनाची प्रतिक्रिया एकदा भडकली, की जॅकेट मागे पडतं. किती मागे, हा हिशोब फळ्यावर करून दाखवावा: मिश्रणाच्या एका किलोमागे २०० किलोज्यूल उष्णता निघणार असेल आणि एक किलोला एक अंश तापवायला २ किलोज्यूल लागत असतील, तर सगळं साचलेलं एकदम खपल्यावर तापमान १०० अंशांनी चढेल. ३५ चे १३५. मग विद्रावक कितीला उकळतो? मिश्रण स्वतःच विघटित व्हायला कितीला सुरुवात होते? हे दोन आकडे ऑपरेटरला बॅच शीट न बघता सांगता यायला हवेत.

अ‍ॅजिटेटर बंद पडला की हीच गोष्ट दुसऱ्या वाटेने होते. दोन थर वेगळे होतात, सोडलेलं वर तरंगत राहतं, तापमान उलट उतरतं. अशा वेळी हात आपोआप अ‍ॅजिटेटरच्या बटनाकडे जातो. तो थांबवायला शिकवायचं. आधी डोसिंग, म्हणजे रसायन सोडणं, बंद. मग किती रसायन गेलं आहे, किती वेळापूर्वी, ते बघायचं. आणि पुन्हा ढवळायचं की नाही, हे त्या प्रतिक्रियेसाठी आधीच लिहून ठेवलेल्या सूचनेप्रमाणे ठरवायचं. अशी सूचना लिहिलेलीच नसेल, तर प्रशिक्षण तिथेच थांबवून ती लिहून घ्यावी.

प्रयोगशाळेत निवांत झालेलं काम प्लँटवर का बिघडतं, तेही इथेच सांगावं. एक लिटरच्या फ्लास्कवरून १०,००० लिटरच्या त्याच आकाराच्या रिअ‍ॅक्टरवर गेलं, की दर लिटरमागे थंड होणारं पृष्ठफळ सुमारे २१ पटींनी कमी होतं. फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलच्या एका छोट्या कारखान्यात १९ डिसेंबर २००७ रोजी थंड पाण्याची एकच व्यवस्था निकामी झाली आणि बॅच हाताबाहेर गेली. चार जण मृत्युमुखी पडले. सुमारे १९९ अंशांच्या वर आणखी एक, जास्त उग्र प्रतिक्रिया सुरू होते, हे तिथे ओळखलं गेलं नव्हतं. ती बॅच १७५ वी होती. ‘आजवर काही झालं नाही’ हे वाक्य ज्या ज्या वेळी ऐकू येईल, त्या त्या वेळी हा आकडा सांगावा.

बदलाबद्दलचं प्रशिक्षण फॉर्म भरण्यात अडकून पडतं. इंग्लंडमधल्या फ्लिक्सबरोच्या रासायनिक कारखान्यात १९७४ मध्ये तडा गेलेला पाचवा रिअ‍ॅक्टर काढून चौथा आणि सहावा २० इंची तात्पुरत्या नळीने जोडले गेले. त्या नळीचं ड्रॉइंग वर्कशॉपच्या जमिनीवर खडूने काढलं होतं. १ जूनला ती फुटली आणि २८ माणसं गेली. हे उदाहरण सगळे देतात, आणि ऐकणारा मनात म्हणतो की आपण काही असं करणार नाही. म्हणून त्याच्या जोडीला मिसुरीतल्या फेस्टसचं उदाहरण द्यावं. तिथे १४ ऑगस्ट २००२ रोजी रेल्वे टँकरमधून क्लोरीन उतरवताना होज फुटली. होजचं अस्तर टेफ्लॉनच्या जातीचं, त्यातून थोडा क्लोरीन झिरपतोच; म्हणून बाहेरची धातूची जाळी हॅस्टेलॉय या निकेलच्या मिश्रधातूची हवी. बसवलेल्या होजची जाळी ३१६ एल स्टेनलेस स्टीलची निघाली. दोन्ही दिसायला सारख्याच चकचकीत. तातडीने बंद व्हायला हवे होते ते व्हॉल्व्हही गंज साचल्यामुळे नीट बंद झाले नाहीत, आणि सुमारे तीन तासांत २१ टनांहून जास्त क्लोरीन बाहेर गेला. कुणीही काहीही ‘बदललं’ नव्हतं. कागदोपत्री होज तीच होती.

टेबलावर दोन होजचे तुकडे, चार गॅस्केट आणि सहा बोल्ट मांडावेत आणि सांगावं, वेगळे करा. बोल्टच्या डोक्यावरची बी ७, बी ८ ही खूण वाचायला शिकवावी. धातू ओळखणारी एक्स-रे गन असेल, तर प्रत्येकाच्या हातात द्यावी. नजरेने ओळखता येत नाही, हे एकदा हरून बघितलं, की स्टोअरमधून आलेल्या मालाचं सर्टिफिकेट मागायला माणूस लाजत नाही.

पाळी बदलताना निरोप कुठे हरवतो, हेही खेळून बघण्यासारखं आहे. उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेलमंचावर ६ जुलै १९८८ च्या रात्री जो पंप सुरू करायचा प्रयत्न झाला, त्याचा सेफ्टी व्हॉल्व्ह काढलेला होता आणि त्या जागी नुसतं झाकण होतं. त्या व्हॉल्व्हच्या कामाचं परमिट (लेखी परवाना) वेगळं होतं, वेगळ्या ठिकाणी ठेवलेलं होतं, आणि रात्रपाळीला ते कळलंच नाही. १६७ माणसं गेली. सरावात एकाला बारा गोष्टी द्याव्यात. त्यात एक काढलेला सेफ्टी व्हॉल्व्ह, एक बायपास केलेला ट्रिप (धोक्यात आपोआप बंद करणारी यंत्रणा) आणि एक अर्धवट राहिलेलं परमिट असावं. त्याने त्या दुसऱ्याला आणि दुसऱ्याने तिसऱ्याला सांगायच्या. तिसऱ्यापर्यंत काय पोचलं, ते फळ्यावर लिहावं. मग तेच वहीतून, जागेवर उभं राहून, ऐकणाऱ्याने परत म्हणून दाखवत करावं. फरक सगळ्यांना समोर दिसतो.

भोपाळबद्दल बोलताना आवाज आपोआप खाली येतो. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी गेलं आणि सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडलं. ते थंड ठेवणारं रेफ्रिजरेशन काही महिने आधीच बंद होतं. वायू धुऊन निष्प्रभ करणारा स्क्रबर तयार नव्हता. वायू जाळून टाकणाऱ्या फ्लेअरकडे जाणाऱ्या नळीचा तुकडा दुरुस्तीसाठी काढलेला होता. पाण्याचे फवारे वायू जिथून निघत होता त्या उंचीपर्यंत पोचले नाहीत. यातली एकेक गोष्ट वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या कारणाने बंद झाली, आणि त्या त्या दिवशी काहीच झालं नाही. म्हणून प्रत्येक नियंत्रण कक्षात एक फळा असावा: या युनिटचे संरक्षणाचे थर कोणते, आणि आज त्यांतलं काय बंद आहे, कधीपासून, कुणाच्या सहीने. प्रशिक्षणार्थ्याने पहिल्या आठवड्यात रोज तो फळा जागेवर जाऊन पडताळावा. ट्रिपची चाचणी सेन्सरपासून शेवटच्या व्हॉल्व्हपर्यंत व्हायला हवी. संगणकात आकडा बदलून हिरवा दिवा बघितला, म्हणजे व्हॉल्व्ह खरंच फिरला असं होत नाही.

आपत्कालीन सरावाबद्दल थोडक्यात. वाऱ्याची दिशा बघून आडवं निघायचं. श्वसनाच्या सिलिंडरचा हिशोब स्वतः करायचा: ६ लिटर, ३०० बार, म्हणजे कागदावर १८०० लिटर हवा. धावपळीत माणूस मिनिटाला ६० लिटर सहज ओढतो. ५५ बारला शिट्टी वाजते, तोवर बाहेर पडायला सुरुवात झालेली हवी. हातात राहतात २४ मिनिटं, आणि त्यांतच जायचं आणि यायचंही. द्रव क्लोरीनच्या गळतीवर पाणी मारायचं नाही. छिद्र त्याने मोठं होतं. क्लोरीनचा सिलिंडर असा फिरवायचा की छिद्र वर येईल आणि द्रवाऐवजी वायू गळेल, कारण एक घनफळ द्रवाचा साडेचारशेहून जास्त घनफळ वायू होतो.

एक गोष्ट मनाला लागते, ती लिहायलाच हवी. लाइन खोलणं, टाकीत शिरणं, ब्लाइंड (नळी बंद करणारी चकती) घालणं ही कामं बहुतेक ठिकाणी कंत्राटी माणसं करतात, आणि सर्वांत तोकडं प्रशिक्षण त्यांच्याच वाट्याला येतं. गेटवर तासभर एक चित्रफीत, एक सही, आणि आत. त्यांना सरावाचा सांगाडा आधी मिळायला हवा, त्यांना समजणाऱ्या भाषेत, आणि ‘मला खात्री नाही, मी उघडत नाही’ असं म्हटल्याबद्दल त्या दिवसाची मजुरी कापली जाणार नाही, हे कामावर घेणाऱ्याने त्यांच्यासमोर सांगायला हवं.

परीक्षा लेखी घ्यायचीच असेल, तर घ्यावी. पण पास-नापास जागेवर ठरवावं आणि प्रश्नाची सुरुवात ‘सांगा’ने न करता ‘दाखवा’ने करावी. तीन महिन्यांनी, शक्यतो रात्रपाळीच्या शेवटच्या तासात, जेव्हा डोळे जड झालेले असतात, त्याच माणसाला पुन्हा सांगाड्यापाशी न्यावं. मेणाचा बूच या वेळी दुसऱ्या ब्लीडमध्ये असतो, गेज शून्यावर असतो. तो ब्लीड उघडतो. काही येत नाही. तो पाना उचलतो, की सळई मागतो, एवढंच बघायचं आणि वहीत लिहायचं.